दुरुस्तीचं सामान कुठे ठेवायचं?

मे सरत आला की रत्नागिरीत विजेचा भरवसा उरत नाही. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळानं दापोली-मंडणगडकडे खांब लोळवले. पुढच्याच वर्षी 16 मे रोजी 'तौक्ते' किनाऱ्याजवळून गेलं. यूपीएसची बॅटरी दमलेली असेल तर चालू कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो, आणि लिनक्सवरचं मशीन पुन्हा सुरू होताना कधीकधी अडून बसतं. काळ्या पडद्यावर एवढंच येतं : 'रन एफएसचेक मॅन्युअली'. म्हणजे डिस्कवरची फाइल सिस्टिम विसकटलीय, हातानं तपासून घ्या. पण तपासणारा एफएसचेक हा प्रोग्रॅमही त्याच डिस्कवर असतो. तो नेमका कुठे असावा, याचा खल फार जुना आहे.

लिनक्सनं ज्याचा कित्ता गिरवला त्या युनिक्सच्या पहिल्या मशीनवर डिस्क इवल्याशा होत्या. युनिक्सचे कर्ते रिची आणि थॉम्पसन यांच्या 1974 च्या लेखात काढत्या-घालत्या डिस्कची क्षमता 25 लाख बाइट दिलीय. एका डिस्कवर सगळं मावेना, म्हणून काही प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवरच्या '/यूएसआर' फोल्डरमध्ये गेले. मात्र ती दुसरी डिस्क जोडणारी 'माउंट' आज्ञा पहिलीवरच असायला हवी होती. विहिरीत पडलेली कळशी काढायचा गळ कुणी विहिरीत ठेवत नाही. 1979 च्या सातव्या आवृत्तीत 'माउंट' आणि फाइल सिस्टिम तयार करणारी 'एमकेएफएस' चक्क '/ईटीसी'मध्ये होत्या. पुढे अशा देखभालीच्या आज्ञांसाठी '/एसबिन' हे वेगळं फोल्डर आलं. 14 फेब्रुवारी 1994 ला लिनक्सवाल्यांनी फाइलींच्या मांडणीचं पहिलं प्रमाण ठरवलं. या प्रमाणांचं सूत्र मला आजही पटतं : मशीन सुरू करायला आणि दुरुस्त करायला लागेल तेवढं सामान मूळ पार्टिशनवर हवंच. त्या काळी '/यूएसआर' वेगळ्या पार्टिशनवर, कधी नेटवर्कवरून दुसऱ्याच मशीनवरून येई, त्यामुळे हे सूत्र अगदी व्यवहाराचं होतं.

त्यात एक खोट मात्र होती. साध्या वापरकर्त्याच्या शोधमार्गात, म्हणजे आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, बऱ्याच ठिकाणी '/एसबिन' नसे. स्वतःच्या फोल्डरमधल्या एखाद्या फाइलीत फाइल सिस्टिम तयार करायला रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार लागत नाहीत, तरी 'एमकेएफएस' टाइप केलं की 'कमांड नॉट फाउंड'. शिकणाऱ्या मुलाला वाटतं, प्रोग्रॅमच नाही. 2019 च्या डेबियन 10 या लिनक्समध्ये रूट होण्याच्या 'एसयू' आज्ञेचं वागणं बदललं आणि रूट झालेल्यांनाही हाच अनुभव येऊ लागला. अधिकार कुणाला, हे सिस्टिमचा गाभा असलेला कर्नल ठरवतो. फोल्डरनं त्यात पडायचं कारण नाही.

दरम्यान सामान वेगळं ठेवण्याचं मूळ कारणच विरत गेलं. 2001 च्या अखेरीस एक्स्ट-3 ही फाइल सिस्टिम कर्नलमध्ये आली, तिच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या जर्नलमुळे वीज गेल्यावर अख्खी डिस्क चाळत बसणं बहुतेक वेळा टळलं. मग सुरुवातीलाच मेमरीत उघडणारी 'इनिटरॅमएफएस' ही छोटी प्रतिमा एफएसचेकची प्रत सोबत बाळगू लागली. 2015 च्या डेबियन 8 पासून '/यूएसआर'ही तिथूनच तपासून जोडलं जातं. फेडोरा 17 या लिनक्सनं 2012 मध्ये रोजच्या आज्ञांचं '/बिन' आणि '/एसबिन' '/यूएसआर'खाली नेले, 2023 च्या डेबियन 12 नं तसं करणं सक्तीचं केलं, आणि 2025 च्या फेडोरा 42 नं एसबिन बिनमध्येच मिसळलं.

हा निर्णय मला योग्य वाटतो. पण ती प्रतिमा '/बूट'मध्ये, म्हणजे बहुधा त्याच डिस्कवर असते. तीच खराब झाली, तर एफएसचेक '/बिन'मध्ये असला काय नि '/एसबिन'मध्ये असला काय, उपयोग शून्य. मृगाआधी यूपीएसची बॅटरी तपासताना त्याच मशीनवर लाइव्ह लिनक्सचा पेनड्राइव्ह एकदा सुरू करून बघावा, आणि त्यातल्या एफएसचेकला आपली डिस्क दिसते ना, हेही.