बाळंतपणाला निघाले, ती थेट कोरियाला!

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. पण जावयाची नोकरी दक्षिण कोरियात, सुवॉनला. आणि लेकीला डॉक्टरांनी इतका लांबचा प्रवास करू नका म्हणून बजावलेलं. लेक माहेरी येऊ शकत नाही, तर माहेरच लेकीकडे जाईल, असं म्हणून २०२३च्या नोव्हेंबरात मी नाशिकहून निघाले. बॅगेत डिंकाचे लाडू, भाजलेला ओवा, बाळंतशेपा आणि जुन्या मऊ पातळांची दुपटी.

सुवॉन म्हणजे सोलच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवरचं मोठं शहर. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचं मुख्यालय इथलंच. त्यामुळे भारतीय इंजिनिअरांची बिऱ्हाडं इथे दिसतात, त्यात मराठीही असतात.

पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी लेक हळूच म्हणाली, “आई, रागावू नकोस हं. इथे बाळंतीण दवाखान्यातून थेट घरी येत नाही. दोन आठवडे बाळंतिणींच्या खास केंद्रात राहते. आम्ही तिथे नाव नोंदवलंय. पण तिथे नवऱ्याशिवाय कुणाला आत येऊ देत नाहीत.”

मी काहीच बोलले नाही. पण मैत्रिणींनो, खरं सांगते, रात्री उशीत तोंड खुपसून रडले. इतक्या लांब आले ती काय परक्या घराची राखण करायला?

कांद्याच्या सालांनी ओळख करून दिली

नात झाली. लेक केंद्रात, जावई ऑफिस आणि केंद्र यांच्यात, आणि मी एकटी फ्लॅटमध्ये. घरात पाऊल टाकलं की चपला दारातच काढायच्या, हे आपल्यासारखंच. पण फरशी गरम! जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या असतात. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत मी सतरंजीवर पाठ शेकत पडलेली. ही सवय मात्र एका दिवसात लागली.

कचऱ्याची सवय लागायला आठवडा गेला. आपल्याकडे घंटागाडी आली की ओला-सुका दिला, सुटलो. तिथे १९९५पासून कचऱ्याची ठराविक पिशवी विकत घ्यावी लागते. खरकटं वेगळ्या पेटीत. पेटीला कार्ड लावलं की झाकण उघडतं, खरकट्याचं वजन होतं आणि तेवढे पैसे बिलात चढतात! मी पहिल्याच दिवशी त्यात कांद्याची सालं टाकायला गेले, तर एका बाईनं माझा हातच धरला. खरकट्यापासून जनावरांचं खाद्य आणि खत करतात. म्हणून कांद्या-लसणाची सालं, अंड्याची कवचं, हाडं, चहाचा चोथा त्यात चालत नाही. ते साध्या कचऱ्यात.

ती बाई आमची शेजारीण निघाली. आमचं बोलणं मोबाईलच्या भाषांतरावर चाले. तिचा पहिला प्रश्न, “वय काय तुमचं?” मला रागच आला. ओळख ना देख! लेकीनं मग फोनवर उलगडून सांगितलं. समोरचा थोरला की धाकटा हे कळल्याशिवाय कोरियन माणसाला बोलताच येत नाही, क्रियापदाचं रूपच बदलतं. आपण नाही का ‘अहो’ म्हणू की ‘अगं’ म्हणून क्षणभर अडतो? मी दोन वर्षांनी धाकटी ठरले. म्हणजे तिला ‘ओन्नी’, थोरली ताई म्हणायचं. वय मोजायची जुनी रीतही गमतीची. जन्मतःच एक वर्ष, आणि पुढे दर नव्या वर्षाला सगळ्यांचंच एकेक वाढणार. आपण ‘साठावं लागलं’ म्हणतो, त्याच्या जवळचं. जून २०२३पासून सरकारी व्यवहारात सहसा पुरे झालेले वर्षच धरायचं, असा कायदा झाला. पण ओन्नीचा हिशेब जुनाच!

आडनावाचा घोळ

दवाखान्यात लेकीच्या कागदांवरूनही गंमत झाली होती. नवरा-बायकोचं आडनाव एकच कसं, हे तिथल्या मुलीला कळेना. कोरियात लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. एवढंच नाही, तर एकाच आडनावाच्या आणि एकाच मूळ कुळाच्या दोघांना लग्न करायला कायद्यानं बंदी होती. आपल्या सगोत्राच्या निषेधासारखीच म्हणा ना. तिथल्या घटना न्यायालयानं १९९७ मध्ये तो नियम घटनेशी विसंगत ठरवला.

मला वाटलं, वा, केवढा बायकांचा मान! पण ओन्नी हसली. आडनाव स्वतःचं राहिलं तरी सरकारी कुटुंबनोंदीत बाई नवऱ्याच्या नावाखालीच असायची. कुटुंबप्रमुख पुरुष धरणारी ती पद्धत २००८मध्ये बंद झाली. आणि नाव राहून तरी काय, मूल झालं की शेजारपाजारचे तिला ‘अमक्याची आई’ म्हणूनच हाक मारणार! बापाला म्हणतात ‘आप्पा’. हे ऐकून मी मनापासून हसले.

समुद्री शेवाळ आणि डिंकाचे लाडू

खाण्याचे हाल मात्र झाले. किमची दिसायला कोबीचं लोणचं, पण तिच्यात बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचा रस असतो. नोव्हेंबर म्हणजे वर्षाची किमची घालायचे दिवस. आपल्या कैरीच्या लोणच्यासारखा घरोघर घाट! २०१३मध्ये युनेस्कोनं या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. शाकाहारी माणसानं बौद्ध मठाच्या पद्धतीचं जेवण शोधावं. त्यात मांस-मासे नाहीत, आणि कांदा-लसूणही नाही. अगदी आपला चातुर्मास!

एके दिवशी ओन्नी वाळवलेल्या समुद्री शेवाळाची जुडी घेऊन आली. बाळंतिणीला याचं सूप आठवडेच्या आठवडे देतात. अंगावरचं दूध वाढतं, असा समज. पुढे दर वाढदिवसाला माणूस तेच सूप पितो, आईच्या बाळंतपणाची आठवण म्हणून. परीक्षेला जाताना मात्र ते टाळायचं. शेवाळ निसरडं ना, मार्क घसरायचे! मी तिला दही-साखरेचं सांगितलं आणि हातावर डिंकाचा लाडू ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. तिथे घेणं-देणं दोन्ही हातांनीच करतात.

तिनं विचारलं, “बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तुम्ही काय करता?” मी पदरानं कान बांधून दाखवले. ती टाळ्या वाजवायला लागली. त्यांच्याकडेही बाळंतिणीच्या हाडांत वारा शिरतो म्हणतात. थंड पाणी नाही, उघडे पाय नाहीत. केंद्रात लेकीला हेच सगळं मिळत होतं, फक्त माझ्या हातून नव्हे.

जाणाऱ्या आयांसाठी

* केंद्रात नाव घातलंय का, हे आधीच विचारा. घातलं असेल तर बाळ-बाळंतीण घरी येण्याच्या सुमाराचं तिकीट काढा.
* वीज २२० व्होल्टची, पण आपली तीन पायांची पिन बसत नाही. अ‍ॅडॉप्टर न्या.
* ताजी फळं, भाजी, बियाणं सामानात घालू नका. विमानतळावर अडतं.
* जेवताना वडीलधाऱ्यांनी चमचा उचलल्यावर सुरुवात करा. भातात चमचा उभा रोवू नका. तसं पितरांच्या पानावर करतात.

लिफ्टमध्ये

दोन आठवड्यांनी लेक नातीला घेऊन घरी आली. लिफ्टमध्ये एक अनोळखी म्हातारी होती. तिनं दुपट्याबाहेर आलेलं नातीचं इवलंसं पाऊल पाहिलं आणि लेकीला चांगलंच फैलावर घेतलं. मला वाटलं, आता ही उलटून बोलणार. माझ्याशी बोलते तशी! पण लेकीनं मान लववली, कोरियनमध्ये काहीतरी पुटपुटली आणि पाऊल झाकून घेतलं.

“काय म्हणत होत्या गं त्या?” मी विचारलं.

“तू काल फोनवर म्हणालीस तेच,” लेक म्हणाली. “बाळाला मोजे घाल.”

घरात शिरल्यावर मी आधी नातीला मोजे घातले. मग लेकीचे कान बांधायला रुमाल काढला. या वेळी ती नको म्हणाली नाही.