प्रच्छन्न बेकारी : दातृवर्गास निवेदन

मंदींत वा दुष्काळांत मदतीसाठीं दारीं येतात तेवढेच बेकार, असें समजूं नये, ही आमची दातृवर्गास नम्र विनंती आहे. इचलकरंजीचा यंत्रमाग दोन पाळ्यांऐवजीं एकच पाळी चालला, तर विणकराची मजुरी घटते. परंतु बेकारांच्या यादींत त्याचें नांव येत नाहीं. आठवड्यांत एक तास काम केलेला मनुष्यही सरकारी साप्ताहिक गणनेंत कामकरीच ठरतो.

२०२० च्या टाळेबंदींत असंख्य मजूर गांवीं परतले. देशांतील कामकऱ्यांत शेतीचा वांटा २०१८-१९ सालीं शेंकडा ४२.५ होता, तो २०१९-२० सालीं ४५.६ झाला. तिघांचें काम पांचांनीं वांटून घेतलें, तर पांचही कामावर दिसतात; उत्पन्न मात्र तिघांचेंच. हीच प्रच्छन्न बेकारी होय.

१९७०-७३ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा करून ग्रामीण भागांत मागेल त्यास काम देण्याचें तत्त्व मान्य केलें. काम मागणारा पुढें आला, कीं झांकलेली बेकारी उघड होते. म्हणून व्यापारी व जमीनदार मंडळींनीं धान्याबरोबरच बांधबंदिस्ती, विहिरींचा गाळ काढणें अशा कामांसाठींही द्रव्य द्यावें. हात पसरण्यास लाजणारा मानी मनुष्य कामावर निःसंकोच येतो.