गॅस नाही, गीझर नाही, तरी पाणी कढत!

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी रुसायला नको. नाशिक शहरात गरम पाण्याचा झरा नाही. रामकुंड आहे, शेजारी त्र्यंबकेश्वरला कुशावर्त आहे, पण दोन्हींचं पाणी गारच. डिसेंबरच्या पहाटे रामकुंडात पाय बुडवून बघा, दात वाजायला लागतील.

तरीही गरम पाण्याची आपली सहल नाशिकहूनच निघणार आहे. पोचायचं आहे ठाणे जिल्ह्यात. भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावं अगदी जवळजवळ आहेत. तिथे तानसा नदीच्या आसपास जमिनीतून कढत पाणी येतं. रात्रंदिवस येतं, बाराही महिने येतं, आणि लाइट गेली तरी येतं. आपली वाट त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, वाडा अशी डोंगरांतून उतरत जाणारी. अंतर साधारण दीडशे किलोमीटर, तेव्हा पहाटेच निघायचं. वाटाडी मीच. माझी अट एकच: खिडकीबाहेर बघायचं, मोबाइल दप्तरात!

रिकाम्या पोटी घाट उतरू नये, असा माझा नियम आहे. (भरल्या पोटी उतरू नये, असा गाडीच्या ड्रायव्हरचा नियम असतो. आपण माझा पाळू.) म्हणून आधी मिसळ. मोड आलेली मटकी, वर शेव-कांदा, काळ्या मसाल्याचा रस्सा, शेजारी पाव आणि नाशिकच्या रिवाजाप्रमाणे पापड. दुसऱ्याच घासाला कुणीतरी ओरडणार, “जीभ भाजली!” आता खरं सांगा, रस्सा तर एव्हाना कोमट झालाय. मग भाजलं कशानं? थांबा, उत्तर इथे नाही देणार. ते अकलोलीला, पाण्यात पाय सोडून.

त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं की अंजनेरीचा डोंगर दिसतो. त्याच्या कड्याकडे नीट बघा. आडवे थर दिसतात, एकावर एक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. चित्रातल्यासारखा टोकदार ज्वालामुखी नाही हं, जमीन उसवून आलेला लाव्हा. एक थर पसरला, थंड झाला. काही काळानं त्यावर दुसरा आला. असं होता होता सह्याद्रीत काही ठिकाणी हे थर दोन किलोमीटरच्या घरात गेले. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, तो हाच.

लाव्हा थंड होताना त्यातले वायूचे बुडबुडे आतच अडकले आणि दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांमधून पाणी झिरपत राहिलं. साधं नाही, गरम पाणी! दगडातले पदार्थ त्यात विरघळले आणि पोकळ्यांच्या भिंतींवर हळूहळू स्फटिक होऊन बसले. हा बघा, मी पिशवीतून एक आणलाय. बाहेरून ओबडधोबड काळा, आणि आत गुलाबीसर पंखे. याचं नाव स्टिल्बाइट. स्कोलेसाइट नावाचा भाऊ तर पांढऱ्या सुयांच्या जुडग्यासारखा दिसतो. या घराण्याला झिओलाइट म्हणतात. नाशिक परिसरातल्या दगडखाणींतले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहेत. इतक्या लांब जायला नको, सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं संग्रहालयच आहे. एखाद्या रविवारी आईबाबांच्या मागे लागा.

झिओलाइटची एक गंमत आहे. १७५६ मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं असा दगड ज्योतीवर तापवला, तर दगड फसफसायला लागला! त्याच्या आत अतिबारीक पोकळ्या असतात आणि त्यांत पाणी दडलेलं असतं. तापवलं की ते वाफ होऊन पळतं. या पोकळ्यांत इतरही गोष्टी अडकतात. करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिजनची यंत्रं आणली होती, आठवतं? तुम्ही लहान होता, घरी विचारा. त्या यंत्रात कारखान्यात बनवलेल्या झिओलाइटचे दाणे असतात. हवेतला नायट्रोजन ते धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो.

तर मुद्दा असा की नाशिकच्या दगडांतून एके काळी गरम पाणी फिरलेलं आहे. पाणी गेलं, स्फटिक राहिले.

“म्हणजे अकलोलीचं पाणी त्याच लाव्ह्यामुळे गरम?” मागच्या सीटवरून आवाज आला. छान प्रश्न, पण उत्तर ‘नाही’. मोठी माणसंही बिनधास्त सांगतात की खाली ज्वालामुखी आहे म्हणून. अरे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आजपर्यंत गरम कसा राहील? तो केव्हाच गारठला. आजच्या पाण्याला ऊब देणारा कुणी दुसराच आहे.

त्र्यंबकला थोडं थांबू. समोर ब्रह्मगिरी. इथे गोदावरी उगम पावते, पूर्वेला वळते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगरांत वैतरणाही उगम पावते, पण ती निघते पश्चिमेला. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत जेमतेम ऐंशी किलोमीटरवर! म्हणजे पावसाचे दोन थेंब हातभर अंतरावर पडले तरी एक आंध्र प्रदेशात पोचेल आणि दुसरा विरारच्या बाजूला. आपली तानसा नदी याच वैतरणेला जाऊन मिळते. आणि तिसऱ्या थेंबाचं काय? तो ना पूर्वेला जातो, ना पश्चिमेला. तो खाली जातो, दगडाच्या फटीत. सगळ्यात अचाट प्रवास त्याचाच.

आता घाट. मोखाड्याची वळणं सुरू झाली की ज्यांना मळमळतं त्यांनी पुढे बसा आणि लांबवर बघा. आपल्या कानात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती म्हणते ‘हलतंय’, पुस्तकात खुपसलेले डोळे म्हणतात ‘हलत नाहीये’, आणि या भांडणात पोट बिघडतं.

जव्हारला जेवायचं. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, मिरचीचा ठेचा आणि मिळाला तर वरईचा भात. नागली म्हणजे नाचणी. इथल्या उतारांवर, जिथे माती पातळ आणि दगड जास्त, तिथे ती आनंदानं येते. वारली, कोकणा, ठाकर ही इथली मंडळी पिढ्यान् पिढ्या ती पिकवत आली आहेत. दिसायला भाकरी मातकट, म्हणून नाक मुरडू नका. शंभर ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळपास तिप्पट. माझं वैयक्तिक मत विचाराल तर गरम भाकरीवर तुपाची धार पडली की हे आकडे आठवतही नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडावर या भागात आलात तर शेवळं नावाची रानभाजी मिळेल. ती नुसती शिजवून खाल्ली तर घसा असा खाजतो की विचारू नका! तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून इथल्या बायका तिच्यात काकडं नावाची आंबट रानफळं घालतात. प्रयोगशाळा नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता, पण खाज कशी घालवायची ते ठाऊक होतं.

वाडा ओलांडला, अंबाडी आली, आणि हे पोचलो आपण. वज्रेश्वरीचं देऊळ दुरून किल्ल्यासारखं दिसतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, त्यानंतर नवस फेडायला ते बांधलं गेलं. देवीनं राक्षस मारले, त्यांचं रक्त म्हणजे हे गरम पाणी, अशी इथली लोककथा. कथा झकास आहे. विज्ञानाची गोष्टही काही कमी नाही, ऐका.

जमिनीत जसजसं खोल जावं तसतसा दगड गरम होत जातो. दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. पृथ्वी जन्मली तेव्हाची थोडी उष्णता आत शिल्लक आहे, आणि दगडांतले युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचे काही अणू फुटत राहतात, त्यातून नवी उष्णता तयार होते. करा हिशेब: वर २५ अंश, तर ३ किलोमीटर खाली? शंभरच्या आसपास! रशियात कोला इथे १२ किलोमीटरहून खोल भोक पाडलं, तर तळाशी १८० अंश तापमान निघालं आणि पुढे खोदणंच अशक्य झालं. आपल्याकडेही भूकंपांचा अभ्यास करायला कोयनेजवळ ३ किलोमीटर खोल भोक घेतलंय. सव्वा किलोमीटरपर्यंत बेसाल्ट लागला आणि त्याखाली ग्रॅनाइट.

आता तो तिसरा थेंब आठवा. (नेमका त्र्यंबकचाच थेंब इथे आला असं नाही हं, त्याचा कुणीतरी भाऊबंद.) फटीतून उतरत उतरत तो खोल गेला आणि गरम दगडाशेजारून फिरला. तिथे तापमान शंभराच्या पुढे गेलं तरी तो उकळत नाही. एक किलोमीटर खोल पाण्याच्या तळाशी दाब असतो वरच्या हवेच्या जवळजवळ शंभर पट. कुकरमध्ये थोडासा दाब वाढला तर पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांपर्यंत उकळायचं थांबतं. इथे तर शंभर पट! मग मागून येणारं गार, जड पाणी या गरम, हलक्या पाण्याला ढकलतं आणि एखादी मोठी भेग सापडली की ते झपाझप वर येतं. वाटेत निवतं, तरी अकलोलीला पोचतं तेव्हा ५० अंशांच्या आसपास असतं. कुठल्या कुंडात थोडं कमी, कुठल्या थोडं जास्त.

खाली किती तापलं होतं, हे वर बसून कसं ओळखायचं? पाण्याचीच झडती घ्यायची! पाणी जितकं गरम, तितकी दगडातली सिलिका जास्त विरघळते. वर आलेल्या पाण्यात सिलिका किती, हे मोजून शास्त्रज्ञ खालच्या तापमानाचा अंदाज बांधतात.

भेगा इथेच का? नकाशा काढा. पालघर जिल्ह्यातलं सातिवली, हे अकलोली, रायगडचं उन्हेरे, महाडजवळचं सव, रत्नागिरीतली उन्हवरे, आरवली, तुरळ, आणि थेट राजापूर. पेन्सिलीनं जोडत गेलात तर किनाऱ्याला समांतर अशी तीनशे किलोमीटरहून लांब रेघ होते. लाव्ह्याच्या उद्रेकानंतर भारताचा पश्चिमेकडचा एक तुकडा तुटून दूर गेला. तो आज हिंदी महासागरात सेशेल्स बेटांच्या रूपात आहे. त्या तोडमोडीत कोकणची जमीन भेगाळली, आणि तिसऱ्या थेंबाला रस्ता मिळाला.

आता पाय सोडा. पण आधी मोठ्या माणसानं हात घालून बघायचं! ५० अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत कातडी पोळते, म्हणून जरा निवलेल्या कुंडातच उतरायचं, तेही थोडा वेळ. डोकं बुडवायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. काही घातक अमिबांना कोमट पाणी फार आवडतं. आणि हे पाणी प्यायचं तर मुळीच नाही. या स्नानानं सगळे रोग बरे होतात, असं तुम्हाला इथे कुणीतरी सांगेलच. थकलेले पाय मोकळे होतात, हे खरं. बाकीचं डॉक्टरांना विचारा.

“आई गं, चटका!” बसला? हेच ते मिसळीचं उत्तर. आपल्या त्वचेत आणि जिभेवर एक छोटं दार असतं, त्याचं नाव टीआरपीव्ही-१. तापमान ४३ अंशांच्या पुढे गेलं की ते उघडतं आणि मेंदूला कळवतं, ‘भाजतंय!’ मिरचीतलं कॅप्सायसिनही नेमकं हेच दार उघडतं. मेंदूकडे निरोप एकच जातो, मग रस्सा कोमट का असेना. हे दार डेव्हिड ज्युलियस यांनी शोधलं, तेही मिरचीचाच माग काढत, आणि २०२१ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं.

कुंडाच्या कडेला हिरवट, बुळबुळीत थर दिसतोय ना? घाण म्हणून तोंड फिरवू नका. उष्णतेत मजेत राहणारे जीव असतात. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना १९६० च्या दशकात ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ नावाचा जिवाणू सापडला. ७० अंशांना तो आरामात वाढतो. त्याचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, उष्णतेनं बिघडत नाही. डीएनएच्या प्रती काढायच्या पीसीआर तंत्रात पुढे तेच कामाला आलं. करोनाची नाकात काडी घालून करायची चाचणी याच तंत्रावर चालते.

परतीच्या वाटेवर तुम्ही झोपाल हे मला माहीत आहे, म्हणून काम आत्ताच सांगते. एक साधा थर्मामीटर घ्या, प्रयोगशाळेतला, तापाचा नव्हे. तुमच्या ओळखीत कुणाकडे विहीर असेल आणि कुणाकडे खोल बोअर असेल, तर दोन्हींचं पाणी मोजा. बोअरचा पंप आधी दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे पाइपातलं उभं पाणी निघून जाईल. विहिरीची बादली मोठ्यांनाच काढू द्या. एकदा डिसेंबरात मोजा, एकदा मे महिन्यात, आणि दोन्ही वेळा शेजारी हवेचंही तापमान लिहा. बोअर किती फूट खोल आहे हे विचारायला विसरू नका, नाहीतर अर्धी मजा जाईल.