विरारला बदलणारी वीज

चर्चगेटहून सुटलेल्या गाडीला विरारपर्यंत १,५०० व्होल्टची डीसी वीज मिळे आणि तिथून पुढे गुजरातकडे २५,००० व्होल्टची एसी. मध्ये तारेचा एक तुकडा मुद्दाम निर्वीज ठेवलेला असे. तो गाडी आपल्या वेगावरच ओलांडी. दोन्ही विजा पचवणारे डब्ल्यूसीएएम-१ हे इंजिन त्यासाठीच चित्तरंजनच्या कारखान्यात बांधले गेले.

इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांविषयी वाचताना मला हे इंजिन हटकून आठवते. वसई-विरारच्या सोसायट्यांत पाण्याची चिंता रोजची. टाकीतला सेन्सर एका कंपनीचा, पंपाचा नियंत्रक दुसरीचा, मीटर तिसरीचा, ॲपही तीन. टाकी रिकामी झाल्याचे सेन्सरला कळते, पंपाला नाही. निरोप्या शेवटी वॉचमनच!

सगळी यंत्रे एकाच वायफायवर आली की बोलू लागतील, असा समज आहे. पण जोडणी वेगळी, समजणे वेगळे. तेलवाहिन्यांवरील देखरेखीसाठी १९९९ साली तयार झालेली एमक्यूटीटी ही निरोपपद्धत आज सर्रास वापरतात. ती पाकीट पोचवते. आतल्या पत्राची भाषा पाहत नाही. समजा, निरोप आला ‘१०’. एका सेन्सरच्या लेखी टाकी दहा टक्के भरली आहे. दुसरा झाकणापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतो. त्याच्या लेखी पाणी दहा सेंटीमीटरवर, म्हणजे टाकी काठोकाठ. पंपाने अर्थाची गल्लत केली, तर भरलेल्या टाकीत पाणी चढत राहील आणि रिकामीला थेंब मिळणार नाही.

यावर डब्ल्यूसीएएम-१सारखा दुभाषा बसवता येतो. पण दहा कंपन्यांच्या जोड्या होतात पंचेचाळीस; सामायिक भाषा असेल तर दहांनी ती एकेकदा शिकली की झाले. ‘वनएमटूएम’ हे मानक त्यासाठीच २०१२ साली सात मानकसंस्थांनी हाती घेतले. पुढे भारताची टीएसडीएसआयही त्यात आली. तरी बाजारात मानक रेंगाळते, कारण अडकलेले गिऱ्हाईक कंपनीला परवडते.

चर्चगेट-विरार मार्ग २०१२च्या फेब्रुवारीत पूर्ण एसी झाला. पुढच्या वर्षी लोकल डहाणूला पोचली. रेल्वेचा मालक एकच होता. टाकीवर मालक तीन, तेव्हा रेटा खरेदीदारानेच लावायचा. मी सोसायट्यांना कोटेशन मागवतानाच तीन गोष्टी लिहून घ्यायला सांगतो: आकड्यासोबत एकक येईल का, दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला तो वाचता येईल का, आणि कंपनीचा सर्व्हर बंद पडला तरी पंप चालेल का.