बुरणूस : लोकरीवर उमटवू आपल्या झाडाचं पान



दुकानात ‘फेल्ट’ म्हणून रंगीत कापड मिळतं ना, ते बहुतेक वेळा प्लास्टिकच्या धाग्याचं असतं. खरं फेल्ट लोकरीचं. त्याला माग लागत नाही, सुई लागत नाही. आपल्याकडे त्याला बुरणूस म्हणत. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये शहरातल्या उद्योगांत बुरणूस बनवण्याची नोंद आहे.

आज मात्र दख्खनी मेंढीच्या लोकरीला भाव नाही. चराऊ माळरानं कमी झाली, घोंगडीची जागा स्वस्त ब्लँकेटने घेतली. कातरलेली लोकर कितीतरी ठिकाणी फेकून दिली जाते.

बनवायचं कसं? लोकर धुवा, वाळवा, पिंजा. चटईवर एक थर उभा, एक आडवा असे तीन-चार पातळ थर द्या. वर पांढऱ्या लोकरीने पान मांडा. गरम साबणाचं पाणी शिंपडून हलक्या हाताने चोळा, मग चटई गुंडाळून लाटत राहा. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ते एकमेकांत अडकतात आणि तुकडा घट्ट होतो. तो आक्रसतो, म्हणून माप मोठं घ्या. रंग नसला तरी चालेल. काळी, तपकिरी, पांढरी लोकर पुरते.

पान कुठलं? बाहेरचं नको. पळसाची तीन पानं, आपट्याचं जोडपान, पिंपळाचं लांब टोक. रस्ता रुंद होताना तुमच्या गावातलं कुठलं झाड गेलं, कुठल्या झाडाची पानगळ मागेपुढे झाली, हे घरातल्या आजींना विचारा. तेच पान घ्या. गिऱ्हाइकाला सांगायला खरी गोष्ट मिळते.

लोकर ओळखायची असेल तर एक धागा जाळा. केस जळल्यासारखा वास आला, राख चुरगळली तर लोकर. वितळून कडक गोळी झाली तर प्लास्टिक.

आणि एक सांगते, यासाठी लगेच कर्ज उचलू नका. दख्खनी लोकर जाडीभरडी, अंगाला टोचते. शाल नको, आसन किंवा गरम भांड्याखालची चकती करा. आधी पाच नग करा, लागलेले तास वहीत लिहा. त्या तासांची मजुरी धरून दर ठरवा. भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी तो दर मिळतोय का ते बघा, मगच पुढे जा.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने एक गळलेलं पान आणा. जमलं तर धनगर वस्तीवरून मूठभर लोकरही.