व्हरांडा बंद करताय? आधी हे बघा...

दिवाळी उरकली की गावोगावच्या शिक्षक कॉलनीत, बँकवाल्यांच्या सोसायटीत एक ठरलेला आवाज सुरू होतो. ड्रिल मशीनचा! कुणाचा तरी व्हरांडा बंद होत असतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कर्ज काढून, पै-पै जमवून बांधलेली ही घरं. पुढे दहा बाय सहाचा व्हरांडा, मागे न्हाणीघराला लागून छोटी पडवी, वर गॅलरी. तेव्हा घरात चार माणसं होती. आता सून आलीय, नातवंडं आलीत, लेकीला अभ्यासाला खोली हवीय. शिवाय धूळ, डास, चोरीची भीती, कुठे माकडांचा उच्छाद. त्यामुळे व्हरांडा बंद करावासा वाटणं यात काही चूक नाही.

पण मैत्रिणींनो, तो कसा बंद करायचा हे ठरवतं कोण? फॅब्रिकेशनवाला टेप घेऊन येतो, घरातले पुरुष त्याच्याशी चौरस फुटाच्या भावाची घासाघीस करतात आणि आपल्याला काय विचारतात, तर काच निळी हवी की तपकिरी! वास्तविक दिवसभरात त्या जागेत जास्तीत जास्त वेळ असतो तो आपलाच. भाजी निवडणं, धान्य पाखडणं, दुपारी शेजारणीशी दोन शब्द, पावसाळ्यात वाळत घातलेले कपडे... सगळं तिथेच. तेव्हा या कामात आपणच आधी डोकं घातलेलं बरं.

हल्ली लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सी नाहीतर कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्या आया कॉलनीत दोन-चार तरी सापडतात. त्या सांगतात, ‘तिकडे मागच्या बाजूला काचेची खोली असते, सनरूम म्हणतात. काय छान ऊन येतं!’ येतंच. पण न्यू जर्सी उत्तरेला इतकं वर आहे, की डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य तिथे क्षितिजापासून जेमतेम पंचवीस-सव्वीस अंशांवर असतो. बाहेर कडाक्याची थंडी. अशा वेळी तिरपं ऊन काचेतून आत घ्यायचं आणि त्याची ऊब आत कोंडून ठेवायची, यासाठी ती खोली. काच हे काम फार इमानाने करते. ऊन आत सोडते, पण तापलेल्या फरशीतून आणि सोफ्यातून निघणारी उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत बसून बघा, म्हणजे कळेल. जळगावला किंवा चंद्रपूरला एप्रिल-मे महिन्यात तीच गाडी आपण घराला कायमची चिकटवायची का, हा प्रश्न आहे. आणि बरं का, आतून जाड पडदे लावून फारसा उपयोग नाही. ऊन एकदा काचेच्या आत आलं की आलंच. अडवायचं तर बाहेरच अडवायला हवं. छज्जा वाढवून, बांबूची चिक सोडून, नाहीतर वेल चढवून.

म्हणून आधी दिशा बघा. पूर्वेचा व्हरांडा असेल तर तुम्ही नशीबवान. सकाळी कोवळं ऊन, दुपारी सावली. दक्षिणेचा असेल तरी घाबरू नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा ऊन आत येतं. आणि मे महिन्यात दुपारी तो जवळपास डोक्यावर असतो (शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे याच सुमारास येतो), तेव्हा दोन फुटांचा छज्जाही पुरतो. उत्तरेला उजेड मिळतो, ऊन फारसं नाही. खरी डोकेदुखी पश्चिमेची. उन्हाळ्यात तीन ते सहाचं ऊन छज्जाखालून सरळ आत घुसतं. पश्चिमेला खालपासून वरपर्यंत काच लावायचा आग्रह कुणी धरला, तर त्याला मे महिन्यात चार वाजता चहाला बोलवा, तिथेच बसवा!

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हरांडा बंद करण्याआधी घरातून एक फेरी मारा आणि कोणकोणती खिडकी, कोणता झरोका त्या व्हरांड्यात उघडतो, ते मोजा. जुन्या घरांत हॉलची खिडकी पुढच्या व्हरांड्यात उघडते, स्वयंपाकघराची आणि न्हाणीघराची मागच्या पडवीत. म्हणजे या खोल्या व्हरांड्यातून श्वास घेतात. तो बंद झाला की हॉलमध्ये भरदिवसा ट्यूब लावावी लागते, फोडणीचा खकाणा घरभर फिरतो आणि भिंतींना ओल धरते. हे एक वेळ चालवून घेऊ. पण काही गोष्टी जिवावर बेततात.

त्यात पहिला नंबर गॅस गिझरचा. गॅस गिझर बंद न्हाणीघरात लावू नये, हे आता बहुतेकींना माहीत आहे. म्हणून शहाण्या माणसांनी तो बाहेर, मागच्या पडवीच्या भिंतीवर लावलेला असतो. छान. पण उद्या ती पडवीच काचेने बंद केली, की ‘बाहेर’ असलेला गिझर ‘आत’ आला की! जळताना त्याला हवा पुरली नाही, तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते, आणि कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पडवी बंद करायचीच असेल, तर गिझर आधी पूर्ण उघड्या भिंतीवर हलवा, नाहीतर विजेचा किंवा सोलर घ्या. यात ‘बघू नंतर’ नको. पाण्याचा बंब पेटवत असाल तर त्यालाही हेच लागू.

सिलिंडर मागच्या पडवीत असेल तर आणखी एक. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली, जमिनीलगत साचतो. वर झरोका ठेवून भागत नाही, जमिनीलगत जाळीची उघडी जागा हवी. इन्व्हर्टरची पाणी घालायची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो मात्र वर जातो. म्हणजे खालीही वाट हवी, वरही हवी.

विदर्भ-खानदेशातल्या बायकांसाठी कूलरचं सांगते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, ती ओल्या खसातून आत सोडतो, म्हणून गारवा येतो. तो व्हरांड्यातल्या खिडकीला लावलेला असेल आणि व्हरांडा बंद झाला, तर तो आतलीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरवत बसतो. मग ‘यंदा कूलर काही गार करत नाही’ म्हणून मेकॅनिकला फोन. मेकॅनिक बिचारा काय करणार?

आपल्या आज्या-पणज्यांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांच्या घरात व्हरांडा बंद व्हायचा, पण कायमचा नाही. कोकणात पाऊस सुरू होण्याआधी पडवीला माडाची झापं बांधायची, झड आत येऊ द्यायची नाही आणि पाऊस सरला की सोडून टाकायची. विदर्भात उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे, त्यावर पाणी शिंपडायचं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ पापुद्रे असत, त्यातून ऊन यायचं ते अगदी मऊ होऊन. ऋतू बदलला की घर बदलायचं. आपल्याला झापं बांधायला वेळ नाही, मान्य. पण बंद करायचं ते हवं तेव्हा सताड उघडता येईल असं, एवढं तर आपण मागू शकतो.

दोन काचांची स्लायडिंग खिडकी कितीही ओढा, अर्धीच उघडते. कारागीर तीच सुचवतो, कारण बसवायला सोपी. त्याऐवजी बिजागरीच्या, पूर्ण उघडणाऱ्या खिडक्या मागा किंवा घडीचे दरवाजे. जागाच नसेल आणि स्लायडिंगच घ्यावी लागली, तर समोरासमोर दोन बाजूंना घ्या, म्हणजे वारा आरपार जाईल. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायला भोकं आहेत का, हे स्वतः वाकून बघा. नाहीतर पहिल्या झडीलाच ट्रॅक भरून पाणी घरात. खालपर्यंत काच असेल तर टफन्डच हवी. ती फुटली तर बारीक खडे होतात, सुऱ्यांसारखे तुकडे होत नाहीत. लहान मुलांच्या घरात यावर तडजोड नको. पेटी ग्रिल लावणार असाल, तर त्यातला एक भाग उघडणारा ठेवा, कुलूप आतून, आणि किल्ली सगळ्यांना माहीत असलेल्या खिळ्याला. आग लागली तर बाहेर पडायचं कुठून?

छपराचंही थोडं. हिरवा फायबर पत्रा स्वस्त पडतो, पण त्याखाली सगळंच हिरवं दिसतं. भाजी ताजी की शिळी, कळत नाही! पॉलिकार्बोनेट घेणार असाल, तर त्याची ऊन सोसणारी बाजू वर आली पाहिजे. तशी खूण पत्र्यावरच्या कागदावर असते, तो कागद बसवण्याआधी वाचा. पत्रा जिथे जुन्या भिंतीला टेकतो, तिथे नुसतं सिमेंट थापून चालत नाही. भिंतीत खाच पाडून पट्टी आत घालायला सांगा.

आणि वरच्या गॅलरीला विटांचा कठडा बांधायचा विचार कुणी काढला, तर आधी इंजिनिअरला दाखवा. दहा फूट लांब, तीन फूट उंच, साडेचार इंची विटांची भिंत प्लास्टरसकट सहा-सात क्विंटल भरते. भिंतीबाहेर लोंबणारी जुनी गॅलरी हे ओझं धरून बांधलेली नसते. तिथे अ‍ॅल्युमिनियम आणि काच, तेही विचारून.

विचारायचं नगरपालिकेतही आहे. घराभोवतीची मोकळी सोडलेली जागा नकाशात मंजूर झालेली असते. त्यात वाढवलेलं बांधकाम १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने अनधिकृत ठरू शकतं आणि घर विकताना किंवा कर्ज काढताना तेच आडवं येतं. घराचा मंजूर नकाशा शोधून ठेवा. सोसायटी असेल तर तिचं पत्रही घ्या.

काम दिवाळी ते होळीच्या दरम्यान काढा, म्हणजे पावसाआधी दोष दुरुस्त करायला हातात वेळ राहतो. अ‍ॅल्युमिनियमची जाडी, काचेची जाडी, माप चौकटीसकट धरलं की कसं, हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी अंगणातला नळाचा पाइप घेऊन छपरावर आणि खिडक्यांवर चांगलं अर्धा तास पाणी सोडा. कारागीर तिथे असतानाच. आत कुठे थेंब दिसला, तर तिथे खडूने खूण करा.