लघवीची घाई आणि गोळीची घाई

मागच्या उन्हाळ्यात रात्री अकराच्या सुमारास एक निवृत्त गुरुजी रिक्षात घालून आमच्याकडे आणले गेले. दुपारपासून लघवीचा थेंब नाही, ओटीपोट फुगून टणक झालेले आणि कळांनी जीव कासावीस. नळी घातली, जवळजवळ एक लिटर लघवी निघाली, तेव्हा कुठे त्यांना नीट बोलता आले. चौकशी करता कळले की, काकूंना लघवीची घाई होते म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. गुरुजींनाही रात्री चार-चार वेळा उठावे लागे. "हिला गुण आला, म्हटलं आपणही घेऊन बघू," असे ते म्हणाले. चार दिवस त्यांनी काकूंच्या पाकिटातल्या गोळ्या घेतल्या होत्या.

तक्रार वरवर सारखी, पण दुखणे निराळे. काकूंचे मूत्राशय उतावळे होते. गुरुजींची प्रोस्टेट ग्रंथी वाढून वाट अरुंद झालेली होती आणि मूत्राशय जोर लावून कशीबशी लघवी बाहेर ढकलत होते. गोळीने तो जोरच काढून घेतला.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ३०० ते ४०० मिलिलिटर लघवी सहज मावते आणि ती भरेपर्यंत स्नायू सैल असतो. काही जणांत मात्र पिशवी पुरती भरण्याआधीच तो आवळू लागतो. मग एकदम कळ येते, मोरीपर्यंत पोचेतो कपडे ओले होतात. अशा बायका एसटीचा प्रवास टाळतात, लग्नकार्याला जात नाहीत, पाणी पिणे सोडतात. पण घरात कुणाला सांगत नाहीत. याला डॉक्टर ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. यावर उपचार आहेत, लाजून बसण्याचे कारण नाही.

मात्र वारंवार लघवी म्हणजे हाच विकार, असे नव्हे. मधुमेह, लघवीतला जंतुसंसर्ग, खडा, प्रोस्टेट, एवढेच काय, रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी किंवा संध्याकाळचा तिसरा चहा, यांनीही तसेच होते. म्हणून आधी लघवी व साखर तपासावी लागते आणि गरजेप्रमाणे लघवी करून आल्यावर सोनोग्राफीत पिशवीत किती शिल्लक राहते ते पाहावे लागते. लघवीतून रक्त जात असेल तर घाईवरची गोळी मागत बसू नका, आधी रक्ताचे कारण शोधून घ्या.

औषधाआधी सवय बदलून पाहतात. तीन दिवस वहीत लिहा : किती वाजता, किती लघवी झाली, काय प्यालात. मग कळ आली की लगेच न धावता पाच-दहा मिनिटे थांबायचे, आणि दोन वेळांमधले अंतर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते एरवीही दिवसातून तीनदा आवळून सोडायचे. बद्धकोष्ठ असेल तर तेही घालवायचे. कंटाळवाणे आहे खरे, पण दीड-दोन महिने चिकाटी धरली तर अनेकांना गोळी लागत नाही.

लागलीच, तर ती समजून घ्यावी. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडीन, सोलिफेनॅसिन, डॅरिफेनॅसिन ही एका कुळातली औषधे. मज्जातंतूंकडून स्नायूला 'आवळ' असा निरोप नेणाऱ्या ॲसिटिलकोलीन या द्रव्याची वाट ती अडवतात. पण तेच द्रव्य लाळेच्या ग्रंथी, आतडे, डोळे, घाम आणि मेंदू यांच्याही कामाचे. आपल्याकडे धोतऱ्याची विषबाधा जुन्या लोकांनी पाहिलेली असते : तोंड सुकते, डोळ्यांपुढे धूसर, अंग तापते, माणूस बरळतो. या गोळ्या विष नव्हेत, पण त्या अडवतात ती वाट तीच. म्हणून तोंडाला कोरड आणि बद्धकोष्ठ या तक्रारी नेहमीच्या. गंमत अशी की, कोरड पडली म्हणून रुग्ण तांब्याने पाणी पितो, लघवी वाढते आणि तो म्हणतो, गोळी कमी पडते!

घाम कमी येत असल्याने मे महिन्यात शेतात राबणाऱ्याला उष्माघाताचा धोका वाढतो. कोन अरुंद असलेला काचबिंदू असेल तर डोळ्यातला दाब अचानक चढू शकतो. तेव्हा काचबिंदूचे थेंब चालू असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. सर्वांत फसवा परिणाम म्हाताऱ्या माणसांत दिसतो. चांगल्या बोलत्या-चालत्या आजी अचानक वार विसरतात, रात्री नसलेली माणसे दिसू लागतात, आणि घरचे म्हणतात, वय झाले. अशा वेळी अलीकडे कोणती गोळी सुरू झाली, हे आधी आठवावे. ऑक्सिब्युटिनिनबाबत ही काळजी विशेष. त्यात सर्दीची क्लोरफेनिरामिन असलेली गोळी किंवा झोपेसाठी, नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलीन मिळाली, तर परिणामांची बेरीज होते. दुकानातून आणलेली सर्दीची गोळीही म्हणूनच सांगायची.

मिराबेग्रॉन हे औषध दुसऱ्या कुळातले. अमेरिकेत त्याला २०१२ मध्ये परवानगी मिळाली आणि आता ते आपल्याकडेही मिळते. ते पिशवीला सैल पडायला मदत करते. तोंड फारसे सुकत नाही. पण रक्तदाब वाढू शकतो. दाब १८०/११० च्या वर आणि आटोक्याबाहेर असेल तर ते देत नाहीत. बाकीच्यांनीही सुरू करण्यापूर्वी व नंतर अधूनमधून दाब मोजून घ्यावा. हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल, मूत्रपिंड वा यकृत अशक्त असेल, तर मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

गुण एका दिवसात येत नाही. पहिला फरक आठवडा-दोन आठवड्यांत, पुरता अंदाज चार ते आठ आठवड्यांनी. तोवर मनाने मात्रा वाढवू नये. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तोडून, चावून किंवा कुटून घेऊ नयेत; दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. लघवी अडली, डोळा लाल होऊन दुखू लागला, बोलण्यात भ्रम आला किंवा ओठ-चेहरा सुजला, तर पुढची गोळी न घेता थेट दवाखाना गाठावा. आणि दोन महिन्यांत काहीच फरक नसेल तर तीच चिठ्ठी दाखवून पाकिटे आणत राहू नये. औषध बदलता येते, बंदही करता येते.

गुरुजींची नळी काही दिवसांनी निघाली आणि प्रोस्टेटवरचे वेगळे औषध सुरू झाले. आता रात्री एकदाच उठतो, म्हणाले. काकूंच्या गोळ्या चालू आहेत, पण त्या डब्याची किल्ली काकूंकडे असते.